पंजाबी माणसाच्या रक्तात काय आहे, आणि आपल्या रक्तात काय नाही?

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर रात्री जेवून वाचा, पण पूर्ण वाचा आणि मग बोला.

परवा तालुक्याच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर लागोपाठ दोन मेसेज आले. पहिला फॉरवर्ड होता. पंजाबी माणूस कसा मेहनती, फाळणीत सगळं गमावून आला आणि पुन्हा उभा राहिला. काश्मिरी माणूस बर्फात राहूनही सफरचंद पिकवतो आणि देशभर शाली विकतो. आणि शेवटी, आमच्या जव्हार-मोखाड्याचा माणूस मात्र सरकारी तांदूळ खाऊन झोपतो, कारण "रक्तातच नाही". हे पाठवणारा आपलाच, नोकरीला लागून शहरात गेलेला. त्याच्या खाली दहा मिनिटांत दुसरा मेसेज: "म्हणूनच या वेळी आपल्याच रक्ताचा माणूस निवडून द्या." त्यावर अंगठ्यांचा पाऊस.

दोन्ही मेसेज एकमेकांच्या विरोधात आहेत असं वाटतं ना? मला तसं वाटत नाही. दोघांचं म्हणणं एकच आहे, की जे काय आहे ते रक्तात आहे. एकाच्या मते गरिबी रक्तात, दुसऱ्याच्या मते विकास रक्तात. ग्रुपवर उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबत गेलं, म्हणून इथे टाकतो.

आधी पंजाबचं. दहावीच्या सुट्टीत मी अहमदाबाद हायवेला मनोरच्या जवळ एका ढाब्यावर भांडी घासायला होतो. मालक सरदारजी. रात्री गिऱ्हाईक कमी झालं की खाटेवर बसून गावच्या गोष्टी सांगायचे. मी एकदा विचारलं, तुमच्याकडे सगळे श्रीमंत कसे? ते हसले आणि म्हणाले, "बेटा, हमारे खेत में नहर आती है. तेरे खेत में क्या आता है?" मी म्हटलं, पाऊस. ते म्हणाले, "पाऊस तर चार महिन्यांचा पाहुणा."

तेव्हा मला ते एवढंच कळलं की आमच्याकडे नहर नाही. पुढे वाचलं तेव्हा समजलं की सरदारजी रक्ताबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. भाक्रा धरण १९६३ मध्ये देशाला अर्पण झालं. लुधियानाचं कृषी विद्यापीठ १९६२ चं. प्रतापसिंग कैरों १९५६ ते १९६४ मुख्यमंत्री होते, त्या काळात तुकड्या-तुकड्यांची जमीन एकत्र करण्याचं काम जोरात झालं. १९६५ मध्ये अन्न महामंडळ आलं, हमीभावाने गहू-तांदूळ उचलायची सोय झाली. म्हणजे पाणी, जमीन, बियाणं आणि गिऱ्हाईक या चारही गोष्टी एकाच पिढीत एकत्र आल्या. मेहनत तर त्यांनी केलीच. पण लावणीच्या दिवसांत आपल्या बाया दिवसभर चिखलात वाकून असतात, ती काय मेहनत नाही?

आणि पंजाबी म्हणजे सगळेच श्रीमंत, हेही खरं नाही. तिथे जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्या अनुसूचित जातींची आहे आणि शेतजमिनीत त्यांचा वाटा अगदी थोडा. तीच भाषा, तेच गुरुद्वारे, तोच भांगडा. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्या घरी हरितक्रांती मजुरीच्या रूपाने आली. शिवाय भातापायी तिथलं जमिनीतलं पाणी आज खोल खोल चाललंय आणि पोरं कॅनडाची वाट धरतायत. रक्त तर तेच आहे. मग बदललं काय?

आता काश्मीर. तिथली गोष्ट आपल्याला जास्त शिकवणारी आहे. शेख अब्दुल्ला काश्मिरी अस्मितेचाच नेता. पण त्यांच्या सरकारने १९५० मध्ये कायदा केला, की कुणालाही सुमारे २२ एकरांपेक्षा जास्त जमीन ठेवता येणार नाही. वरची जमीन मोबदला न देता कसणाऱ्याला. फळबागांना यातून सूट होती, तो भाग वेगळा. पण पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस मालक झाला. काश्मीरच्या खेड्यात एवढी वर्षं अशांतता असूनही आपल्यासारखी उपासमार ऐकू येत नाही, त्याचं एक मोठं कारण हा कायदा आहे असं अभ्यासक सांगतात.

म्हणजे अस्मितेचा नेता असणं वाईट नाही. त्या अस्मितेच्या जोरावर त्याने कशाला हात घातला, हा प्रश्न आहे. आणि पुढचंही लक्षात ठेवा. १९५३ मध्ये शेख अब्दुल्लांना पदावरून काढून तुरुंगात टाकलं. त्यानंतर तिथे कोण नेता राहणार हे बऱ्याचदा लोकांपेक्षा दुसरेच ठरवत आले. २०१४ नंतर विधानसभेची पुढची निवडणूक थेट २०२४ मध्ये झाली. ओळख शाबूत, पण निर्णय आपल्या हातात नाहीत, तर काय होतं त्याचं हे उदाहरण.

आता आपल्या घरात येऊ.

"आपल्या रक्ताचा माणूस" आपल्याला नवा आहे का? जव्हार हे आदिवासी राजाचं संस्थान. मुकणे घराणं महादेव कोळी. १३४३ पासून संस्थान धरलं जातं, ते १९४८ मध्ये विलीन झालं. इंग्रजांच्या काळात तोफांच्या सलामीचा मान होता. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेतही गेले. जयविलास राजवाड्यासमोर आपण सगळ्यांनी फोटो काढलेत, आणि छाती फुगते हे मी नाकारत नाही. पर्यटक "वॉव" म्हणतात तेव्हा मलाही बरं वाटतं.

पण त्याच संस्थानाची दंतकथा काय सांगते? आधी इथे वारल्यांचा राजा होता. कोळी सरदाराने त्याच्याकडे बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जागा मागितली. राजा हो म्हणाला. मग याने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, त्या जोडल्या आणि केवढातरी मुलूख वेढून घेतला. खरं-खोटं देव जाणे. पण आपल्या आज्यांनी ही गोष्ट हसत हसत जपून ठेवली, म्हणजे त्यांना एक गोष्ट माहीत होती: आपल्यातलाच माणूसही आपल्याला कातड्याच्या वादीने बांधू शकतो.

संस्थान गेलं, लोकशाही आली. जव्हार आणि मोखाडा दोन्ही तालुक्यांत दर १० माणसांतली ९ आदिवासी. आमदारकी राखीव, खासदारकी राखीव, पंचायत समित्यांपासून सरपंचापर्यंत आपलीच माणसं. लाल बावटा, काँग्रेस, भाजप, सेना, राष्ट्रवादी, सगळ्यांना आपण पाहिलं. उमेदवार प्रत्येक वेळी आदिवासीच होता.

आणि तरीही १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत शंभराहून जास्त बालकं दगावली. सगळ्या देशाला जव्हारचं नाव तेव्हा कळलं. त्यानंतर अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय आलं, योजना आल्या, गाड्या आल्या. तेवीस-चोवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, मोखाड्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्या पुन्हा पहिल्या पानावर. त्या वेळी राज्याचे आदिवासी विकास मंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री कोण होते? आपल्याच विक्रमगड मतदारसंघाचे आमदार, दिवंगत विष्णू सवरा. हे मी त्यांच्यावर एकट्यावर खापर फोडायला लिहीत नाही. ते हयात नाहीत आणि दोष एका माणसाचा नव्हताच. मुद्दा एवढाच की आपल्या मातीतला माणूस अगदी त्याच खात्याचा मंत्री असूनही जे थांबायला हवं होतं ते थांबलं नाही. मग "आपल्या रक्ताचा" एवढी एकच अट पुरेशी कशी?

पाण्याचं बघा. आपल्याकडे पाऊस कमी आहे का? वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो. पण आपला मुलूख म्हणजे काळा कातळ आणि उतार. पाणी मुरत नाही, धावत खाली जातं. नद्या खोल दरीत, पाडे वर माळावर. फेब्रुवारीत विहिरी तळ दाखवतात, एप्रिलमध्ये बाया नदीच्या कोरड्या पात्रात झिऱ्यावर वाटीने हंडा भरतात. माझी आई त्यातली एक. तिच्या डोक्यावरचे केस मधोमध विरळ झालेत, चुंबळ घासून घासून.

आणि त्याच मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याला, मध्य वैतरणा धरण उभं आहे. १०२ मीटर उंच. तिथून रोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी मुंबईला जातं. मुंबईच्या माणसाला पाणी मिळू नये असं मी म्हणत नाही. माझा भाऊच तिथे कामाला आहे, तोही तेच पितो. पण धरण दरीत बांधायला जी अक्कल, जो पैसा आणि जी राजकीय ताकद लागली, त्यातला शंभरावा हिस्सा ते पाणी वर पाड्यावर उचलायला का लागला नाही? आता दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्प चर्चेत आहे. त्यात आपल्या वाघ नदीवर, जव्हार तालुक्यात, खारगीहिलला धरण प्रस्तावित आहे आणि पाणी पुन्हा मुंबईसाठीच. यावर आपल्या किती नेत्यांचं भाषण तुम्ही ऐकलंत? कुणी सांगितलं का, की धरण होणारच असेल तर त्यातलं किती पाणी आमच्या पाड्यांना, किती शेताला?

पाणी मिळालं की आपला माणूस काय करतो तेही बघा. जव्हार-विक्रमगडकडे ज्याच्या शेताला उन्हाळ्यापर्यंत ओल राहते तो मोगरा लावतो. पहाटे घरातली सगळी माणसं कळ्या खुडतात आणि माल दादरच्या फुलबाजारात जातो. त्या घरातली पोरं वीटभट्टीवर जात नाहीत, शाळेत दिसतात. आणि पलीकडच्याच पाड्यावर, पाणी नाही म्हणून, दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवर. आधी उचल, मग आठवड्याची खर्ची, आणि पावसाळ्यात घरी येताना हिशोबात "तुझ्याकडेच निघतात". दोन्ही पाड्यांवर तीच जात, तेच आडनाव, तेच देव. आळस रक्तात असता तर तो मोगऱ्याच्या वाफ्यातही दिसला असता की नाही?

म्हणून मी म्हणतो, पहिला मेसेज खोटा आहे.

आता दुसरा मेसेज. इथे मला माझ्याबद्दल बोलावं लागेल. बोलायला लाज वाटते, पण न बोलता ही पोस्ट टाकली तर ती नुसती शहाणपणाची होईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक होती. आमच्या वॉर्डात दोन उमेदवार. एक आमचा, म्हणजे कोळी महादेव, माझ्या चुलत्याचा साडू. दुसरी कातकरी वाडीतली एक बाई, बारावी झालेली, रोजगार हमीच्या कामाचं मस्टर मागायला तहसीलला एकटी जाणारी. सगळ्यांना माहीत होतं काम कोण करेल. आदल्या रात्री आमच्या ओट्यावर बैठक झाली. कुणीतरी म्हणालं, "उद्या कातकरीण आपल्याला सह्या देणार काय?" सगळे हसले. मीही हसलो. दिवसभर फेसबुकवर "आदिवासी एकता" लिहिणारा मी, सकाळी जाऊन आमच्या माणसाला शिक्का मारून आलो.

तो निवडून आला. माणूस वाईट नाही, लग्नाकार्यात पुढे असतो. पण कातकरी वाडीवर तेव्हा हातपंप नव्हता, आजही नाही. आमच्या पाड्यावर निदान नळ आला, मार्चपर्यंत तरी वाहतो. त्या वाडीतल्या बाया आमच्या विहिरीवर येतात आणि आमच्या बाया त्यांना शेवटी नंबर देतात. ती उमेदवार बाई आता नवऱ्याबरोबर भट्टीवर जाते. गेल्या वैशाखात एसटी स्टँडवर भेटली. कडेवर पोर, बाजूला बोचकं. मला म्हणाली, "दादा, बरं हाय ना?" एवढंच. मला वर बघवलं नाही.

शहरातला माणूस आपल्याला जे म्हणतो, तेच आपण कातकऱ्याला म्हणतो. "त्यांच्या रक्तातच नाही." कोकणा वारल्याला म्हणतो, कोळी ठाकराला म्हणतो, आणि सगळे मिळून कातकऱ्याला. कातड्याची वादी अजून कापणं चालूच आहे.

गैरसमज नको. ओळखीचं महत्त्व मी जाणतो. राखीव जागा नसत्या तर आपल्याला विधानसभेच्या पायऱ्याही कुणी चढू दिल्या नसत्या. खोट्या दाखल्यांवर आपल्या जागा पळवल्या गेल्या, म्हणून १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पडताळणीची पद्धत घालून द्यावी लागली. ते प्रकरणही महादेव कोळी दाखल्याचंच होतं. ४ ऑक्टोबर २०२४ ला आदिवासी आमदारांनी मंत्रालयात जाळीवर उड्या मारल्या, पेसा भरतीसाठी आणि धनगरांना आपल्या आरक्षणात घेऊ नये म्हणून. मीही टाळ्या वाजवल्या. पण रात्री झोपताना मनात आलं, आपल्या नेत्यांनी पक्ष विसरून एकत्र अशी उडी झिऱ्यावरच्या बाईसाठी कधी मारली? भट्टीवर जाणाऱ्या पोरांच्या शाळेसाठी कधी मारली? आरक्षण वाचवायला सगळे एक होतात, कारण त्यात त्यांची खुर्ची आहे. हंड्यात खुर्ची नसते.

ओळख म्हणजे घराचं दार आहे. दार मजबूत पाहिजेच, नाहीतर कुणीही घुसेल. पण नुसतं दार राखत बसलो आणि चूल पेटवलीच नाही, तर पोट भरेल का? ९ ऑगस्टला डीजे लावून पिवळे फेटे बांधतो, तारप्यावर नाचतो, नेते मध्ये येऊन दोन पावलं नाचून फोटो काढून जातात. बोहाड्यात सोंग नाचतं तेव्हा आपल्याला माहीत असतं की मुखवट्याखाली गावातलाच कोण आहे, आणि रात्र सरली की मुखवटा उतरतो. इथे पाच वर्षं उतरत नाही, आणि खाली कोण आहे हे आपण विचारत नाही.

म्हणून या वेळी मत मागायला जो कोणी येईल, कोणत्याही पक्षाचा, कोणत्याही जमातीचा, त्याला मी जात विचारणार नाही. ती मला माहीतच आहे. हे विचारणार आहे:

१. खारगीहिलच्या धरणाबद्दल तुमची भूमिका काय? आमच्या पाड्यांचं पाणी लेखी करारात येणार का?

२. वनहक्क कायदा २००६ चा. आपल्या भागातल्या किती गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि उरलेल्यांचे दावे कुणाच्या टेबलावर आहेत?

३. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना येतात. आपल्या पंचायतीत ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत वाचून दाखवाल का?

४. दिवाळीनंतर गावातून किती कुटुंबं भट्टीवर गेली, त्यांची यादी तुमच्याकडे आहे का? नसेल तर कोणाचे प्रतिनिधी तुम्ही?

उत्तर देणारा वारली असो, कोकणा असो, ठाकर असो, कातकरी असो, माझं मत त्याला. उत्तर न देणारा माझा सख्खा मामा असला तरी चहा पाजून परत पाठवीन.

आणि एक काम मी स्वतःपुरतं ठरवलंय. २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे एखादा पाडा किंवा वाडी ठराव करून स्वतःला वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकते. प्रस्ताव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. मग त्या वाडीची स्वतःची ग्रामसभा होते. हातपंप कुठे मारायचा हे ठरवायला आमच्या ओट्यावरच्या बैठकीची परवानगी लागत नाही. पावसाच्या तोंडावर भट्टीवरची माणसं परत आली की मी कातकरी वाडीत जाऊन त्या बाईंना भेटणार आहे. त्यांना हवं असेल तर कागद मी लिहीन, झेरॉक्सचा खर्च माझा, जव्हारच्या फेऱ्या माझ्या. नको म्हणाल्या, तर तेही ऐकून घेईन. त्यांचा हक्क आहे.

आमच्या भावकीला हे आवडणार नाही. ही पोस्ट वाचून घरी फोन जाणार हेही मला माहीत आहे. आईला आधीच सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "त्यांचा पंप झाला तर आपल्या विहिरीवरची गर्दी कमी होईल, त्यात वाईट काय?" मी चार पानं लिहिलं, तिने एका वाक्यात संपवलं.

पटलं नाही तर खाली लिहा. नावानिशी लिहा, शिव्या नको. आणि ग्रुपवरचा तो पहिला मेसेज पुढे पाठवण्याआधी एकदा एप्रिलमध्ये मोखाड्याला या. झिऱ्यावर नंबर लावून एक हंडा भरा, टेकडी चढा. मग सांगा कुणाच्या रक्तात काय आहे ते.

जोहार.